चार किलोंची जागा

बाळ हे प्रवासी धरायचं की सामान, या प्रश्नावर इमारतीच्या सभेत बराच वेळ खल चालला होता, आणि ज्याच्याविषयी तो चालला होता ते बाळ आईच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलं होतं.

"लहान मुलाला तिकीट नाही, हे मला मान्य आहे," सेक्रेटरी म्हणाले. ते निवृत्त स्टेशनमास्तर होते आणि सगळे त्यांना मास्तरच म्हणत. "पण तिकीट नाही म्हणजे वजन नाही, असं होत नाही."

"मास्तर, अवघं चार किलोंचं आहे हो ते!" बाळाची आई म्हणाली.

"अवघं?" सहाव्या मजल्यावरच्या मावशी उसळल्या. त्यांचं लोकरीचं दुकान होतं. "माझी लोकरीची पिशवी साडेतीन किलोंची आहे. तिला आजवर कुणी लिफ्टमध्ये घेतलं नाही. आणि ती रडत पण नाही."



इमारत सात मजल्यांची होती आणि तिची लिफ्ट म्हातारी होती. तिला पाच माणसं जेमतेम झेपत. त्यावर मूठभर वजन जरी वाढलं तरी ती अशी किंचाळायची, की तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा तिला ओ द्यायचा. शिवाय सकाळी एकदा भरून खाली गेली, की तिची मोटर तापायची आणि बराच वेळ ती कुणाचंही ऐकायची नाही. त्यामुळे वरच्या मजल्यांवरच्या ज्या कुणाला वेळेवर कामाला जायचं असेल, त्याने साडेआठच्या फेरीत जागा धरलेली असणं भाग होतं. तशा जागा पाच होत्या. सातव्या मजल्यावर चष्म्यांचे दुकानदार, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. सहाव्यावर मावशी आणि मास्तर. पाचव्यावर दातांचे डॉक्टर. चौथ्यावर ही बाळाची आई. ती हवामान खात्यात होती, म्हणून तिला हवामानवाली म्हणत. मास्तरांना खरं म्हणजे कुठेच जायचं नसे. लिफ्ट वेळेवर पोहोचते की नाही हे पाहायला ते रोज तिच्याबरोबर खाली जात आणि पेपर घेऊन परत येत. पण हे त्यांना सांगणार कोण?

हवामानवालीची रजा पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपत होती. नवरा जहाजावर होता आणि जहाज समुद्रात कुठे होतं हे तिच्या खात्यालाही नक्की माहीत नव्हतं. बाळंतपणात टाके पडलेले. चाला, पण ओझं घेऊन जिना उतरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. पाळणाघर कोपऱ्यावरच होतं. म्हणजे सगळं जुळत होतं, फक्त सातव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट चौथ्या मजल्यावर येईपर्यंत तिच्यात चार किलोंची जागा उरत नव्हती.

"वेळेवर हजर झाले नाही तर माझ्या जागेवर दुसरी बाई बसलीच म्हणून समजा," ती म्हणाली. "आमच्या साहेबांनी तर तिला खुर्चीसुद्धा दाखवून ठेवलीय."

"आता बघा," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते अंगाने काडीसारखे होते आणि त्यांना ते फार आवडायचं. "बाळ काही कमी होणार नाही. तेव्हा कुणीतरी मोठ्या माणसानेच कमी व्हायला हवं."

सगळ्यांच्या नजरा, कुणी न सांगता, एकाच दिशेला वळल्या. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अडचणीच्या प्रसंगी समोरचं जग अंधूक झालेलं त्यांना बरं वाटे. वजन नव्वद किलो, स्वभाव कापसासारखा. जन्मभर त्यांनी लोकांना 'असं बरं दिसतंय की असं?' एवढंच विचारलं होतं; आपल्याला काय दिसतंय हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी... म्हणजे... प्रयत्न करून बघतो," ते म्हणाले.

"प्रयत्न नाही, करणार आहेत," त्यांच्या बायकोने सभेला सांगितलं. त्या दुपारच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांना हेडबाई म्हणत, घरीसुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून घरातून साखर गेली, बटाटा गेला, ब्रेड गेला, आणि मिठाची बरणी हेडबाईंच्या कपाटात कुलपात गेली. राहिलं ते उकडलेलं होतं. चष्मेवाले ताटाकडे पाहून चष्मा काढून ठेवत आणि मग जेवत.

"अहो, काय खाताय ते बघून तरी खा!"

"बघितलं तर खाववत नाही गं."

तिसऱ्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली. त्यांना सारखं बाथरूमला जावं लागायला लागलं. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवायचा, 'खालची ओळ वाचा' म्हणायचं आणि आत पळायचं. परत येईपर्यंत गिऱ्हाईक चारपाच वेळा खालची ओळ वाचून कंटाळलेलं असे.

आठवडा संपला तेव्हा मास्तरांच्या घरी वजन झालं. नोकरीतून निरोप देताना स्टेशनच्या लोकांनी मास्तरांना पार्सलं तोलायचा जुना काटा भेट दिला होता, तो दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी होता. चष्मेवाले बूट काढून त्यावर चढले. काटा थरथरला, डुलला आणि शहाऐंशीवर थांबला.

"चार!" मास्तर ओरडले. "एका आठवड्यात पुरे चार! गाडी वेळेच्या आधी!"

हवामानवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

त्यांचं कौतुक व्हायची ही बहुधा पहिलीच वेळ होती. ते काट्यावरून उतरायचंच विसरले.

इथवर सगळं ठीक होतं. पण दातांच्या डॉक्टरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आठवड्याला चार. म्हणजे महिन्याला सोळा. ही कामावर जाईपर्यंत झाले चोवीस-पंचवीस. बाळाचे चार गेले. उरले किती?"

सगळे काट्याच्या जवळ सरकले. मालमत्तेच्या वाटणीआधी माणसं अशीच सरकतात.

"माझी घडीची सायकल बारा किलोंची आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "लिफ्टमधून नेता आली, तर दवाखान्यापर्यंतची पायपीट वाचेल."

"माझ्या लोकरीच्या पिशव्या आधी!" मावशी म्हणाल्या. "दोन पिशव्या. मी जुनी आहे."

"मला काही नको," मास्तर म्हणाले. "फक्त एक लहानशी खुर्ची. गार्डला बसायला जागा असते."

"पण ते... अजून कमी झालेलं नाहीये," चष्मेवाले काट्यावरून म्हणाले.

"होणार ना! सरळ हिशेब आहे," डॉक्टरांनी त्यांच्या पोटावर, जणू आपल्याच जमिनीवर, प्रेमाने थाप मारली.

खोटं कशाला बोला, चष्मेवाल्यांच्याही डोक्यात थोडी हवा गेली. ते त्याच संध्याकाळी चार पँटी घेऊन शिंप्याकडे गेले.

"साहेब, कापड आत दुमडून ठेवू की कापून टाकू?" शिंप्याने विचारलं. "नाही, म्हणजे पुढेमागे लागलं तर."

"कापून टाका," चष्मेवाले म्हणाले. इतक्या ठामपणे ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

रात्री मावशींनी अभिनंदनाचा केक आणला आणि हेडबाईंनी, एकच दिवस म्हणून, कपाटाचं कुलूप काढलं. चष्मेवाल्यांनी मीठ घातलेलं सूप घेतलं, ब्रेड घेतला, बटाटे घेतले आणि केकचा बोटभर तुकडा घेतला. फार नाही. कुणीही जेवेल तेवढंच.

सकाळी साडेआठच्या लिफ्टमध्ये डॉक्टरांनी नमुन्यादाखल सायकलचं फक्त एक चाक आणलं होतं. लिफ्ट किंचाळली. तिसऱ्या मजल्यावरून कुत्र्याने ओ दिली.

"चाक तर अडीच किलोंचं आहे!" डॉक्टर म्हणाले. "इथे चार मोकळे आहेत, आणि बाळाची आई तर अजून घरीच आहे!"

"तिच्या जागेत माझ्या पिशव्या आहेत," मावशी म्हणाल्या. "तिच्या वजनाइतक्या मोजून आणल्यात मी. वजन माझ्यात नाही. दुसरीकडे बघा."

चष्मेवाल्यांना तिथूनच काट्यावर नेण्यात आलं. अठ्ठ्याऐंशी.

"एका रात्रीत दोन किलो?" मास्तरांनी काट्याला टिचकी मारली. "अहो, तो सगळा केक अर्ध्या किलोचा होता!"

"आणि तो मी कापला होता," मावशी म्हणाल्या. "यांना दिलेल्या तुकड्याच्या पलीकडचं दिसत होतं. चष्मेवाले, खरं सांगा, रात्री उठून काय खाल्लंत?"

"काही नाही हो. शपथ."

"शपथ कशाला? पुरावा असतो ना," डॉक्टर म्हणाले. "आ करा."

चष्मेवाल्यांनी आ केला. डॉक्टरांनी खिशातून छोटा आरसा काढला आणि मास्तरांनी स्टेशनची बॅटरी धरली. वरची दाढ, खालची दाढ, सुळ्यांच्या मागे, सगळीकडे चोरून खाल्लेल्याचा शोध झाला. काही सापडलं नाही. फक्त एक किडलेली दाढ सापडली. ती डॉक्टरांनी दवाखान्यात नेऊन भरली, आणि वजन होतं त्यात चांदीचा तेवढा कण वाढला.

शिंप्याने रात्रीतच आटवलेली पँट मात्र आता लागत नव्हती. बटण आणि काज यांच्या मध्ये हेडबाईंनी मोठी सेफ्टी पिन लावून दिली आणि नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाळंतपण असो की पडसं, गल्लीत सगळं त्याच पाहत.

"केकने काही दोन किलो वाढत नाही," त्या हसून म्हणाल्या. "आणि त्याआधी चार किलो चरबीही गेली नव्हती. ते बरंचसं पाणी होतं."

"पाणी?"

"हो. शरीर थोडी साखर अडीअडचणीला म्हणून साठवून ठेवतं आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी. तुम्ही खाणं एकदम तोडलंत, की पहिली ती साखर खर्च होते आणि पाणी निघून जातं. मीठ बंद केल्यावर आणखी जातं. पुन्हा नीट जेवलात, की साखर परत, पाणी परत. पाणी म्हणजे दारातले पाहुणे हो, येतात आणि जातात. चरबी ही जुनी भाडेकरीण. पहिल्या आठवड्यात तिला नोटीससुद्धा मिळालेली नसते."

"मग ती निघणार कधी?"

"निघेल. आठवड्याला अर्धा किलो गेली तरी खूप झालं. कधी तेवढीही नाही. आणि जेवा हो माणसासारखं. थोडं कमी, पण जेवा."

चष्मेवाले त्या रात्री झोपले नाहीत म्हटलं तरी चालेल. चार किलो म्हणून ज्याच्यासाठी टाळ्या घेतल्या ते पाणी होतं. आणि त्या पाण्याच्या भरवशावर चौथ्या मजल्यावरच्या पोरीने साहेबांना 'येते' म्हणून कळवून टाकलं होतं. सकाळी ते मास्तरांच्या घरी गेले. तिथे मावशी आणि डॉक्टर आधीच बसले होते. चष्मा पुसत पुसत त्यांनी सगळं सांगितलं.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं, मग अडलं कुठे?"

"म्हणजे... ती चरबी नव्हती."

"अहो, लिफ्टला काय कळतंय? चरबीचा किलो काय आणि पाण्याचा काय, तिला दोन्ही सारखेच. पाणी जातंय ना? मग पाणीच काढा!"

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "आणि पाणी काय यांच्याच अंगात आहे? माझ्यातही आहे. मावशींमध्ये तर..."

"माझ्यात किती आहे ते मोजायचं काम नाही," मावशी म्हणाल्या.

असा नवा नियम निघाला. साडेआठची लिफ्ट खाली पोहोचेपर्यंत कुणी घोटभरही पाणी प्यायचं नाही, आणि आदल्या संध्याकाळपासूनच हात आखडता घ्यायचा. बाळाच्या जागेचा प्रश्न आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? शिवाय सायकल होती, पिशव्या होत्या, खुर्ची होती. रोज सकाळी चार वाळकी माणसं एकमेकांकडे न बघता लिफ्टमधून उतरत. दार उघडलं रे उघडलं की फाटकाजवळच्या नळाकडे धूम ठोकत. नळाची चावी मास्तरांच्या ताब्यात होती. ते जिन्याने उतरणाऱ्या लोकांना हाताने थांबवून म्हणत, "आधी लिफ्टचे! आधी लिफ्टचे!"

लिफ्ट खरोखरच किंचाळायची थांबली, हे कबूल केलं पाहिजे. बाकी मात्र सगळंच किंचाळायला लागलं. मावशींना दुकानात भोवळ आली आणि त्या लोकरीच्या गुंड्यांवर पडल्या. पडायला त्याहून चांगली जागा मिळाली नसती, एवढंच नशीब. मास्तरांचा आवाज बसला. चष्मेवाल्यांनी एका सभ्य गृहस्थाला त्याच्याच बायकोचा चष्मा दिला आणि तो म्हणाला, "छान दिसतंय." डॉक्टरांचा हात इतका थरथरायला लागला, की एका पेशंटची चांगली दाढ निघता निघता वाचली. पेशंट खुर्चीतून उठून तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला, आणि त्या तडक इमारतीत आल्या.

"माणसं आहात की दोरीवर वाळत घातलेले कपडे?" त्यांनी चौघांना नळापाशी ओळीने उभं करून विचारलं. "मूत्रपिंडं खराब करून घ्यायची आहेत का? प्या! माझ्यासमोर प्या!"

चौघं प्यायले. त्या दिवशी सायकलचं चाक, लोकरीच्या पिशव्या आणि खुर्ची ज्याच्या त्याच्या घरी परत गेली.

मग चष्मेवाल्यांनी जे केलं त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच ते कुणी पाहिलं नाही. ते रोज थोडं कमी जेवले. संध्याकाळी दुकानातून घरी येताना दोन गल्ल्या जास्तीच्या फिरले. काटा एखाद्या आठवड्यात तसूभर हलायचा, एखाद्या आठवड्यात हलायचाच नाही. मास्तरांनी तर उठून काट्यापाशी येणंच बंद केलं. असली मालगाडी बघायला उभं कोण राहणार? पण हवामानवालीची रजा संपायच्या आदल्या दिवशी चष्मेवाले एकटेच काट्यावर चढले, आणि काटा शहाऐंशीवर थांबला. पहिल्या आठवड्यात फुकट मिळाले होते तेच चार किलो. या वेळी स्वतःचे.

त्यांनी स्वतः चौथ्या मजल्यावर जाऊन सांगितलं, "चार झाले. उद्या निर्धास्त ये."

सकाळी लिफ्ट सातव्यावरून निघाली, सहाव्यावर, पाचव्यावर थांबली आणि चौथ्यावर आली. हवामानवाली ऑफिसची साडी नेसून, बाळाला छातीशी धरून उभी होती. ती आत आली. लिफ्ट किंचाळली. बाळ जागं झालं आणि त्याने वरचा सूर लावला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याने खालचा.

"मी पाणी प्यायलोय, पण रोजच्याएवढंच!" डॉक्टर आधीच म्हणाले.

मास्तरांनी बाळाकडे निरखून पाहिलं. "हे किती किलोंचं आहे?"

"कालच दाखवून आणलं. सहा."

"सहा? ठरलं तर चार होतं!"

"मास्तर, ठरलं होतं ते बाळाला कुणी कळवलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज हसरा काढायचा तिने प्रयत्न केला, पण तो अर्ध्यावर तुटला. तिने घड्याळाकडे पाहिलं.

सगळे बाळाकडे, एखाद्याने शब्द फिरवावा आणि वर रडावंही, अशा नजरेने पाहत राहिले. मग, जुन्या सवयीने, नजरा चष्मेवाल्यांकडे वळल्या. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. तसाच खिशात टाकला आणि "जरा सरका" म्हणून ते लिफ्टच्या बाहेर आले.

लिफ्ट ताबडतोब गप्प झाली.

"काका, अहो, तुमचे गुडघे..."

"जा तू. उशीर होईल," चष्मेवाले म्हणाले, आणि दार लागलं.

ते चार मजले उतरले. गुडघे पायरीगणिक कुरकुरले, पण उतरले. दुकान उघडायला थोडा उशीर झाला, त्याने कुणाचं काही अडलं नाही. संध्याकाळी त्यांनी हेडबाईंना सांगून टाकलं, "उद्यापासून मी जिन्यानेच जाणार आहे. तिचा प्रश्न सुटला."

त्यांना जगाचा अनुभव थोडा कमीच होता. रिकाम्या जागेची बातमी त्याच संध्याकाळी सहाव्या मजल्यावर पोहोचली, आणि रात्रीच्या आत तिची वाटणी झाली.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली आणि दार उघडलं, तेव्हा आत मास्तर खुर्चीवर बसले होते, मावशी पिशव्यांवर टेकल्या होत्या, डॉक्टरांच्या काखेत सायकल होती आणि कोपऱ्यात मावशींचं विणकामाचं यंत्र उभं होतं. ते एकटंच एका माणसाच्या वजनाचं होतं. हवामानवालीने बाळासकट पाऊल आत ठेवलं. लिफ्ट किंचाळली.

"जो शेवटी चढला त्याने उतरायचं," मास्तर खुर्चीवरून म्हणाले. "नियम माझा नाही. सगळ्या लिफ्टांचा आहे."

"अहो, पण जागा माझ्यासाठी..."

"तू बोलत राहिलीस तर मोटर तापेल बाई."

चष्मेवाले वरून जिना उतरत चौथ्या मजल्यापाशी आले, तेव्हा लिफ्टचं दार बंद झालेलं होतं आणि ती बाहेर उभी होती. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, आणि नजर घड्याळावर. ती रडत नव्हती. कामावर जाताना रडलेलं दिसू नये म्हणून थांबली असावी.

चष्मेवाले क्षणभर घुटमळले. परक्याचं मूल मागायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. मग त्यांनी नुसतेच हात पुढे केले. "आण. तुला ओझं घेऊन उतरायचं नाही ना? मग तू मोकळी उतर."

बाळाने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या चष्म्याकडे, आणि चष्मा पकडला. पुढचे चार मजले चष्मेवाले जवळजवळ अंधारात उतरले. हवामानवाली एक पायरी पुढे राहून सांगत होती, "काका, वळण. काका, आता सरळ. काका, खाली पाणी सांडलंय." ती खात्यात करायची तेच काम होतं. गुडघे कुरकुरत होते आणि त्या कुरकुरीवर बाळ झोपून गेलं.

खाली पोहोचले तेव्हा लिफ्ट अजून आलेली नव्हती. वर कुठेतरी सायकलचं हँडल दारात अडकलं होतं, आणि मावशी डॉक्टरांना काय म्हणत होत्या ते तळमजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. हवामानवाली वेळेच्या आधी खुर्चीवर बसली. जिला ती खुर्ची दाखवून ठेवली होती ती बाई थोडा वेळ आजूबाजूला घुटमळली, म्हणतात, आणि मग परत गेली.

मग तोच परिपाठ झाला. चष्मेवाले पाच मिनिटं आधी निघत, चौथ्या मजल्यावर बाळ घेत आणि पाळणाघराच्या दारात देत. त्यांचं वजन त्या जुन्या भाडेकरणीच्या चालीने जात होतं, एखाद्या आठवड्याला अर्धा किलो, कधी पाव, कधी काहीच नाही. बाळाचंही साधारण त्याच चालीने, किंचित मागे राहून, येत होतं. जिन्याला बहुधा काहीच फरक कळला नसावा.

फरक कळला तो मास्तरांना. सहाएक महिने त्यांनी तो गिळला. मग एका सकाळी ते खुर्ची न घेता चौथ्या मजल्यावर येऊन उभे राहिले.

"हे बरं दिसत नाही, चष्मेवाले. लिफ्ट असताना लोक जिन्याने लवकर पोहोचतात. लिफ्टची बदनामी होतेय. मी सायकल आणि यंत्र काढायला लावलंय. तुमच्या दोघांच्या जागा परत देतो. फक्त तुमचं वजन नव्वदच्या बरंच खाली हवं. असेलच म्हणा, एवढे महिने उतरताय. चला, काट्यावर."

चष्मेवाले बाळाला घेऊनच सहाव्या मजल्यावर गेले, आणि मागोमाग हवामानवाली. बाळाने त्यांची कॉलर मुठीत धरली होती आणि ते काही केल्या सोडेना. तसेच ते काट्यावर चढले. मास्तरांनी काट्यावरच्या मालाकडे उभ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. ते फक्त काटा पाहत. ते वाकले, त्यांनी डोळे बारीक केले आणि पुन्हा पाहिलं.

"नव्वद?" ते म्हणाले. "अहो, तसूभरही हलला नाहीत तुम्ही?"

हवामानवालीने काही सांगायला तोंड उघडलं. चष्मेवाल्यांनी बाळाच्या डोक्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि ती गप्प बसली.

"काय करणार, मास्तर," चष्मेवाले कधी नव्हे ते सरळ मास्तरांच्या डोळ्यांत बघत म्हणाले. "चरबी आहे. जाता जात नाही."

आणि बाळाला नीट खांद्यावर घेऊन ते जिना उतरायला लागले.